गावाचे देणे आणि शाळेचे राखणे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘शाळा आणि लोकसहभाग’ ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आपली सूचना आहे. हा विषय आपल्या परिषदांतून वारंवार येतो आणि बहुधा आकड्यांतच संपतो. कोणत्या शाळेस किती संगणक मिळाले, कोणी भिंती रंगवून दिल्या, कोणी वह्या वाटल्या, ही सारी माहिती आपल्या अहवालांत आहेच. ती मी पुन्हा वाचून दाखविणार नाही. मला आज निराळ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. एखादे कुटुंब गावच्या शाळेस काही देते. देणारा माणूस दहा-वीस वर्षांनी निघून जातो. त्याची मुले-नातवंडे कधी गावात असतात, कधी पुण्या-मुंबईस गेलेली असतात. असे असूनही काही देणी शंभर-दोनशे वर्षे गावाच्या उपयोगी पडत राहतात, आणि काही मात्र दात्याच्या तेराव्याबरोबरच संपतात. हा फरक कशामुळे पडतो? रकमेमुळे पडत नाही, एवढे मी आरंभीच सांगून टाकतो.

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शाळांच्या सहली छत्रपती संभाजीनगरास पाणचक्की पाहावयास जातात. मुले हौदावर पडणारे पाणी पाहतात, मासे पाहतात, वडाच्या झाडाखाली डबे सोडतात आणि परत येतात. ही चक्की कोणी व कशासाठी बांधली, हे मात्र फारच थोड्या मुलांना सांगितले जाते. बाबा शाह मुसाफिर नावाचे एक सूफी सत्पुरुष होते. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ही योजना झाली. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातील झऱ्याचे पाणी काही कोसांवरून मातीच्या नळांनी आणले, उंच भिंतीवर चढविले, आणि त्याच्या पडण्याच्या जोराने खालचे जाते फिरू लागले. त्या जात्यावर दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी व शिष्यगणासाठी धान्य दळले जाई. आता विचार करा. यात्रेकरूंना पीठ वाटणे हेही दानच होते. परंतु पीठ वाटणाऱ्याचे पीठ एक दिवस संपते. येथे देणाऱ्यांनी पीठ दिले नाही, पीठ पडत राहील अशी सोय दिली. झरा आटेपर्यंत किंवा नळ फुटेपर्यंत त्या देणगीस मरण नव्हते. नळ फुटू नये म्हणून कोणीतरी पाहावयाचे, हे मात्र त्या सोयीतच गृहीत धरलेले होते. भौतिकशास्त्राचा एक पाठ आणि नागरिकशास्त्राचा एक पाठ अशा दोन्हींचे साधन एकाच ठिकाणी आहे. सहलीत तेवढे साधावे, अशी माझी सूचना आहे.

दुसरे स्थळ वेरूळ. घृष्णेश्वराच्या मंदिराचा इतिहास म्हणजे एकापाठोपाठ एक घराण्यांनी उचललेल्या जबाबदारीचा इतिहास आहे. वेरूळच्या भोसले घराण्यातील मालोजीराजांनी, म्हणजे शिवछत्रपतींच्या आजोबांनी, ह्या मंदिराची दुरुस्ती करविली. पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्याने, विशेषतः अहिल्याबाईंनी, त्यास आजचे रूप दिले. अहिल्याबाईंची दानशूरता सर्वांस ठाऊक आहे, पण तो पैसा आला कोठून, हे पाहण्यासारखे आहे. १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांच्या नावाने स्वतंत्र उत्पन्न लावून दिले होते. त्यास ‘खासगी’ म्हणत. दौलतीचा खजिना वेगळा, खासगी वेगळी. सासूची ही खासगी सुनेकडे आली, आणि काशी, गया, सोमनाथ, नाशिक, पंढरपूर, वेरूळ अशा ठिकठिकाणी अहिल्याबाईंनी जे घाट, विहिरी, धर्मशाळा व देवालये उभी केली, त्यांच्यामागे मुख्यतः हे घरचे उत्पन्न होते. सत्ता हाती असलेल्या बाईने सरकारी तिजोरीस हात न लावता आपल्या वाट्याचे दिले, ही गोष्ट मला त्या बांधकामांपेक्षाही मोठी वाटते. आणि हे धन मुळात घरातील स्त्रियांचे होते, हेही मुलींच्या वर्गात अवश्य सांगावे.

परंतु कथा येथे थांबत नाही. संस्थाने विलीन झाल्यावर ह्या धर्मादायांची व्यवस्था पाहण्यासाठी १९६२ साली एक न्यास स्थापन झाला. पुढे त्यातील काही मिळकतींच्या हस्तांतरावरून वाद उत्पन्न होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की हा सार्वजनिक न्यास आहे, मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याची नोंदणी झालीच पाहिजे, आणि झालेल्या हस्तांतरांची निबंधकाने चौकशी करावी. अहिल्याबाई १७९५ साली वारल्या. सव्वादोनशे वर्षांनंतरही त्यांच्या दानाचे रक्षण करावयास नोंदणी, हिशेब आणि चौकशी लागते. कोण बरोबर, कोण चूक, ह्यात आपणांस शिरावयाचे नाही. एवढीशी नोंद एका महाराणीच्या दानास आवश्यक ठरली, तर आमच्या शाळेस वीस गुंठे देणाऱ्या आबांच्या दानास ती किती अधिक आवश्यक असेल, एवढेच मी विचारतो. ह्या मुद्द्याकडे मी पुढे येणारच आहे.

शहरांतील मोठ्या देणग्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांतून एक-दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मुंबई विद्यापीठातील राजाबाई टॉवर आपण चित्रात पाहिला असेल. प्रेमचंद रायचंद ह्या व्यापाऱ्याने १८६४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या आईचे नाव दिले. त्या वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअरांचा बाजार बुडाला आणि त्यात प्रेमचंदांची संपत्तीही गेली. परंतु जे दिले होते ते दिले होते. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला, आणि आज त्यांच्या संपत्तीचे जे काही डोळ्यांस दिसते त्यात ही देऊन टाकलेली वस्तूच ठळक आहे.

नाना शंकरशेट १८६५ मध्ये वारले. त्यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेतील संस्कृतसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली ती रोहे-रायगडकडील एका मुलास मिळाली. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्या मुलाचे नाव. पुढे १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. शंकरशेटांना हा मुलगा ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, कारण त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी तो जन्मला. कोणास देतो हे ज्यास ठाऊक नाही अशा माणसाने दिलेले ते देणे होते.

आणि ठाकरसी घराणे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्यांच्याजवळ निष्ठा पुष्कळ व पैसा थोडा होता. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली व विद्यापीठास आपल्या आईचे नाव द्यावे अशी इच्छा दर्शविली. तेच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. विठ्ठलदास दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, वारले. येथे बहुतेक कुटुंबांत काय घडते? वारस म्हणतात, वडिलांनी दिले ते दिले, आता आमचा त्याशी काय संबंध! येथे तसे झाले नाही. त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई ह्यांनी पुढील आयुष्य त्या विद्यापीठाच्या कामास वाहिले, आणि १९५१ मध्ये त्यास कायद्याने मान्यता मिळाली तेव्हा त्याच त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. पैशामागे माणूस उभा राहिला म्हणून ते देणे एका पिढीचे न राहता घराण्याचे झाले. आपल्या गावातील दात्याच्या मुलास, सुनेस, नातीस शाळेच्या कार्यक्रमास वर्षातून एकदा तरी बोलवावे, असे मी सांगतो ते ह्याच कारणासाठी. फुलांच्या हाराची आवश्यकता नाही. आजोबांनी बांधून दिलेल्या खोलीत आज कोणता वर्ग भरतो, हे नातीस दिसले म्हणजे पुरे.

आपण म्हणाल, हे लाखांचे व्यवहार झाले. आमच्या गावात कोण असा शेटजी बसला आहे? म्हणून दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा येथे १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तेथे एकाच पंगतीत सगळी मुले जेवत, आणि धान्य मात्र वारंवार संपे. अशा वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने एकेक करून मोडले व अखेर मंगळसूत्रदेखील दिले. १९३० मध्ये त्या वारल्या. त्यांनी कोणतेही दानपत्र लिहिले नाही व त्यांच्या नावाची कोनशिलाही तेव्हा बसली नाही. परंतु त्या मुलांपैकी कित्येक पुढे गुरुजी झाले आणि खेडोपाडी शाळा काढीत गेले. आमच्या मराठवाड्यात तर निजामी राजवटीत मराठी शिक्षणाचा मार्ग फार अवघड होता. छत्रपती संभाजीनगरातील सरस्वती भुवन १९१५ सालची, तुळजापूरकडील हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळा १९२१ सालची. रामानंद तीर्थ, त्या वेळचे व्यंकटेश खेडगीकर, हे ह्याच हिप्परग्याच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. दरबाराची मर्जी नसताना अशा शाळा कोणाच्या आधारावर चालल्या असतील, हे आपल्या गावातील जुन्या माणसांकडून समजून घेण्यासारखे आहे. कोणी पडवी दिली असेल, कोणी परगावच्या मुलाला वार लावून जेवू घातले असेल. ह्या देण्यांची यादी कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. सापडली तर ती वृद्धांच्या आठवणीतच सापडेल, आणि ती पिढी आता जवळजवळ संपत आली आहे.

महर्षी कर्व्यांचे आणखी एक काम आपणां प्राथमिक शिक्षकांस विशेष जवळचे वाटावे, आणि तेच लोकांस सर्वांत कमी ठाऊक आहे. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तेथे शाळा सुरू करावयाची, हा त्याचा उद्देश. आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून काही रक्कम ते स्वतः देत आणि बाकीच्या रकमेसाठी पुण्यात दारोदार हिंडत. एकरकमी हजार देणारा दाता शोधीत बसण्यापेक्षा वर्षाकाठी ठरलेली लहान वर्गणी देणारी अनेक घरे त्यांनी पसंत केली. माझ्या मते ह्यात मोठे शहाणपण आहे. एका श्रीमंतावर उभी असलेली शाळा त्याच्या लहरीवरही उभी असते. चाळीस घरांवर उभी असलेली शाळा एखादे घर गळाले तरी उभी राहते, आणि मुख्य म्हणजे त्या चाळीस घरांतील माणसे ‘आमची शाळा’ असे म्हणू लागतात.

आता आपल्या शाळेच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो, व तो प्रश्न जागेचा आहे.

आपल्या कित्येक शाळांच्या इमारती व क्रीडांगणे गावच्या एखाद्या कुटुंबाने दिलेल्या जमिनीवर आहेत. दिल्या कशा? पारावर बसून, चार माणसांसमक्ष, ‘गुरुजी, ही जागा शाळेला दिली बघा’ असे म्हणून. त्या शब्दास त्या काळी मोल होते व देणाऱ्याच्या मनातही दुसरे काही नव्हते. गावाचे नाव न घेता एका शाळेची हकीकत सांगतो. आजोबांनी क्रीडांगणासाठी जागा दिली. मुले तेथे दोन पिढ्या खोखो खेळली. सातबाऱ्यावर नाव आजोबांचेच राहिले, त्यांच्या पश्चात मुलांचे लागले, मग नातवांचे. गावाजवळून मोठा रस्ता गेला आणि जमिनीचा भाव कल्पनेबाहेर चढला. एके दिवशी नातवांनी कुंपण घातले. शाळेच्या दप्तरात काय सापडले? भिंतीवरील तेलरंगात लिहिलेले ‘यांच्या सौजन्याने’ हे दोन शब्द! नातवांस लबाड म्हणणे फार सोपे आहे. परंतु एकास बँकेचे कर्ज होते, दुसऱ्याच्या मुलीचे लग्न होते, आणि कागद त्यांच्याच बाजूने बोलत होता. आजोबांचा शब्द त्यांच्या कानावर कधी कोणी घातलाच नव्हता. ज्या कुटुंबाचे नाव गावाने तीन पिढ्या आदराने घ्यावयाचे, त्याच कुटुंबाशी शाळेचा कज्जा सुरू झाला. मुलांचे मैदान गेले ते गेलेच, पण एका भल्या माणसाचे पुण्यही आपल्या दप्तरदिरंगाईने बुडविले, असेच मी म्हणेन.

ह्यासाठी कायदा काय सांगतो ते थोडे नीट समजून घ्यावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीचे बक्षीस तोंडी होत नाही. बक्षीसपत्र लेखी हवे, त्यावर दात्याची सही व किमान दोन साक्षीदारांच्या साक्षी हव्यात, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले हवे. ज्यास द्यावयाचे त्याने दात्याच्या हयातीतच ते स्वीकारलेही पाहिजे. आपल्या शाळेच्या बाबतीत स्वीकारणारी जिल्हा परिषद होय. मुख्याध्यापकाच्या किंवा सरपंचाच्या वैयक्तिक नावाने कागद करणे ही चूक पुढे निस्तरता निस्तरत नाही. जमीन एकत्र कुटुंबाची असल्यास एकट्या कर्त्याच्या सहीवर विसंबू नये, सर्व हिस्सेदारांच्या संमत्या घ्याव्यात. येथे बहुतेक ठिकाणी बहिणींचा विसर पडतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित मिळकतीत मुलीसही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. सासरी गेलेल्या आक्काची सही राहिली म्हणजे पुढच्या वादाचे बी आपणच पेरले. नोंदणी झाल्यावर मोजणी करून घ्यावी, तलाठ्याकडे फेरफार धरावा व नवा सातबारा प्रत्यक्ष हाती येईपर्यंत थांबू नये. बहुतेक प्रकरणे ह्या शेवटच्या पावलावरच अडकलेली मी पाहिली आहेत. बक्षीसपत्र कपाटात आणि सातबाऱ्यावर नाव जुनेच!

कागदाचा आग्रह धरला तर दात्यास अविश्वास वाटेल, अशी भीती पुष्कळ गुरुजींस वाटते. ती अनाठायी आहे. ‘आबा, आपण दिलेले आपल्या नातवांच्या काळीही आपल्याच नावाने राहावे म्हणून हा कागद करतो,’ असे म्हणून पाहा. कागद मागणे हा देणाऱ्याचा मान आहे, हे आपणांसच आधी पटले पाहिजे. १९५१ च्या एप्रिल महिन्यात, आपण ज्या हैदराबाद राज्यात होतो त्याच राज्यातील पोचमपल्ली येथे, विनोबांच्या समोर रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन भूमिहीनांसाठी दिली व भूदानाची चळवळ सुरू झाली. पुढे देशभर लाखो एकरांचे संकल्प झाले. मात्र त्यांतील पुष्कळ जमीन कागदांअभावी, वारसांच्या वादांमुळे किंवा नापीक निघाल्यामुळे भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही. संकल्प उदात्त होता, ह्यात शंका नाही. फेरफार मात्र संकल्पाने होत नाही.

इमारतीच्या संदर्भात पुण्यातील भिडेवाड्याची आठवण येते. १८४८ मध्ये तात्यासाहेब भिड्यांनी आपला वाडा जोतीराव फुल्यांच्या मुलींच्या शाळेस दिला, तोही समाजाचा रोष पत्करून. पुढे शाळा तेथून गेली, वाडा हातोहात बदलला, आणि स्मारकाचा प्रश्न कित्येक वर्षे न्यायालयांत पडून राहिला. २०२३ च्या अखेरीस निर्णय लागला तेव्हा जीर्ण वाडा पाडून स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली. मूळ भिंती गेल्या. तरीही भिड्यांचे नाव आज प्रत्येक शिक्षिकेच्या ओठी आहे, कारण त्यांनी योग्य वेळी योग्य माणसास दार उघडले. वेळेवर दिलेली एक खोली कधी कधी वाड्याहून मोठी होते, ती अशी.

रोख देणगीविषयी दोन शब्द. गावातून वडिलांच्या स्मरणार्थ दहा हजार रुपये येतात व ‘पहिल्या येणाऱ्यास दर वर्षी बक्षीस द्या’ असे सांगण्यात येते. आपण रक्कम मुदतठेवीत ठेवतो. सहा टक्के धरल्यास वर्षाचे सहाशे रुपये मिळतात व सहाशेचे बक्षीस देतो. हे दिसावयास ठीक दिसते, परंतु महागाईचा हिशेब त्यात नाही. चोवीस वर्षांनीही आपण सहाशेच देत राहू, आणि तेव्हा सहाशेत कदाचित एखादे पुस्तकही येणार नाही. ह्याउलट तीनशेचे बक्षीस दिले व तीनशे मुद्दलात परत घातले, तर मुद्दल दर वर्षी तीन टक्क्यांनी वाढते व सुमारे चोवीस वर्षांत दुप्पट होते. बक्षीसही त्याबरोबर दुप्पट होते. चौथीच्या मुलांना नाही, पण सातवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करून दाखवावे. व्याजाचा भाव बदलत असतो हे खरे, परंतु अर्धे वाटावे व अर्धे पेरावे ही रीत शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावी लागत नाही. रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या बँकखात्यात त्याच दिवशी भरावी व पावती द्यावी, हे मी सांगावयास नको. मात्र प्रवेशाच्या वेळी पालकांकडून कोणत्याही नावाने देणगी घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे, हे पुन्हा एकदा सांगणे अवश्य आहे.

अटींचा प्रश्न नाजूक आहे. नाव लावावे ही इच्छा मनुष्यास्वभावास धरून आहे आणि तीत मला काही गैर दिसत नाही. खोलीवर, कपाटावर, पुस्तकाच्या आतील पानावर आईवडिलांचे नाव असावे, अवश्य असावे. परंतु देणगीसाठी संस्थेचेच नाव बदला, असे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजच्या बाबतीत कोणी म्हटले असता भाऊरावांनी ती रक्कम नाकारली, अशी आठवण सांगितली जाते. अमुक जातीच्याच मुलास द्या, अमुक वस्तीतील मुलास देऊ नका, अशी अट आली तर आपणही नम्रपणे हात जोडावेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती अट क्षणभरही उभी राहू शकत नाही.

आणि एक अट कोणी तोंडाने घालीत नाही, पण आपण आपणहून पुरी करतो. गणवेश, चपला किंवा सायकल देताना मुलास समोर उभे करून, हात पुढे करावयास लावून, आपण त्याचे छायाचित्र काढतो व ते गावभर फिरते. ज्या मुलीने ती सायकल घेतली तिच्या मनाचा विचार कोणी केला? तिच्या वर्गातील मुले ते चित्र वर्षभर विसरत नाहीत. दाता बहुधा भला माणूस असतो. छायाचित्राचा हट्ट पुष्कळदा त्याचा नसतोच, आपल्याला अहवालास जोडावयास ते हवे असते. ह्यापुढे वाटप मुख्याध्यापकांच्या खोलीत, पालकाच्या सहीने व गाजावाजा न करता व्हावे. छायाचित्र हवेच असेल तर रिकाम्या सायकलींचे काढावे. अहवालास ते चालते. न चालल्यास त्याचे उत्तर मी देईन.

शेवटी एक काम सोपवितो. प्रत्येक शाळेने एक दाननोंदवही करावी. शंभर पानांची साधी वही पुरे. तिच्या आरंभी शाळा सुरू झाली तेव्हापासूनची माहिती, गावातील वृद्धांकडून विचारून, लिहावी: जागा कोणी दिली, पहिला वर्ग कोणाच्या पडवीत वा कोणत्या देवळात भरला, परगावच्या गुरुजींस कोणाच्या घरी भाकरी मिळे, विहीर कोणाची, झाडे कोणी लावली, घंटा कोणी आणली. चौथीच्या पुढील मुलांस चार-चारांच्या गटाने आजी-आजोबांकडे पाठवावे. प्रश्न त्यांनीच विचारावेत व उत्तरे त्यांच्याच अक्षरात उतरावीत, शुद्धलेखन नंतर पाहू. स्त्रियांची नावे विशेषेकरून विचारावीत, कारण पुरुषांच्या आठवणीत ती गळतात. पाणी कोणी भरले, पोषण आहाराच्या पहिल्या दिवशी भांडी कोणाच्या घरची होती, हे त्याच सांगू शकतील. जागेच्या नोंदीसमोर बक्षीसपत्राचा क्रमांक, दिनांक, गट क्रमांक आणि ताज्या सातबाऱ्याची प्रत जोडावी. प्रत नसल्यास ती जागा कोरी सोडावी, म्हणजे उणीव डोळ्यांस दिसेल. ज्या शाळांच्या दात्यांपैकी कोणी हयात आहेत त्यांच्याकडे ह्याच महिन्यात जावे, कारण त्यांची सही आज मिळू शकते. वयाने वाकलेल्या दात्यास निबंधक कचेरीत नेणे कठीण असल्यास घरी येऊन नोंदणी करण्याची सोय कायद्यात आहे. त्यासाठीचा अर्ज कसा करावा हे माझ्या कार्यालयात विचारावे.

वहीची पहिली दहा पाने मी दिवाळीनंतरच्या भेटीत पाहीन. हजेरीपटाच्या आधी तीच मागेन.